प्याला देणारे काका

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करा. चौथीच शिकलेय.

आमच्या चर्चमधले हे काका पाळक नाहीत. आठवडाभर ते काशीगावात पंखे दुरुस्त करतात. रविवारी पांढरा झगा घालून प्रभुभोजनाचा प्याला देतात, दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेला चहा आणल्यासारखा. भाकर खाल्ल्यावर सगळे त्याच एका प्याल्यातून द्राक्षारसाचा घोट घेतात.

माझा टीबी बरा झाला तरी शेजारी कुणी बसत नव्हतं. मीही नुसती भाकर घेऊन उठायचे. एकदा मी रांगेत शेवटची होते. काकांनी हळूच विचारलं, "डॉक्टरने सोडलं ना?"

"हो काका."

"मग तू कोण मोठी डॉक्टरीण? घे."

मी घोटभर प्यायले. उरलेला द्राक्षारस ओतत नाहीत, प्याला देणाऱ्यानेच संपवायचा असतो. काका सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.