बाईंची दुसरी तपासणी

आमच्या मोठ्या बाई चहा उभ्यानेच प्यायच्या, तोही निम्मा. उरलेला कप कुठल्यातरी वर्गाच्या खिडकीत सापडायचा. लोहगडाच्या पायथ्याला आमची शाळा. जूनमध्ये बाई तिथे मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी आम्हा शिक्षकांची झोप उडवली.

मुलांपेक्षा त्यांचा डोळा आमच्या पेपर तपासण्यावर. "मुलाला काय येत नाही ते साऱ्या गावाला माहीत असतं. काय येतं ते शोधायला आपण आहोत," असं म्हणत त्या कपाटातून जुन्या पेपरांचे गठ्ठे उचलून न्यायच्या. मला भयंकर राग यायचा. केस पिकलेल्या माणसाला ह्या आता मार्क द्यायला शिकवणार!

एका शनिवारी त्यांनी नववीच्या वार्षिक पेपरातलं एक उत्तर, नाव झाकून, आम्हा सगळ्यांना झेरॉक्स करून दिलं. प्रश्न माझ्या भूगोलाचा: पुण्यापेक्षा लोणावळ्यात पाऊस जास्त का? उत्तर होतं, 'ढग डोंगराला अडतात, वर चढतात, गार होतात आणि इथेच रिकामे होतात. पुण्याला जाईपर्यंत त्यांच्यात फार उरत नाही.' पाचापैकी कुणी पाच दिले, कुणी तीन. मी शून्य. 'प्रतिरोध पर्जन्य' हा पुस्तकातला शब्दच नव्हता ना!

"एप्रिलमध्येही तुम्ही शून्यच दिलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "ही आरती. दोन मार्कांनी नापास. जूनपासून शाळेत नाही."

बाईंनी पर्स उचलली, स्कूटर काढली आणि मला मागे बसवून थेट लोहगडवाडी गाठली. आरती वडिलांच्या टपरीवर गडावर जाणाऱ्यांसाठी भजी तळत होती.

"आता कशाला आलात?" वडील म्हणाले. "पोरगी नापास झाली तवा कुनी आलं न्हाई. आता ती हितंच ऱ्हाईल."

बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच म्हणालो, "भाऊ, चूक माझी आहे. तिचं उत्तर बरोबर होतं."

आरतीने झारा खाली ठेवला. "म्हंजी मला येत व्हतं, सर?"

"येत होतं, बाळ."

ती रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

बाईंनी तिचा निकाल दुरुस्त करून तिला दहावीत बसवलं. तेव्हापासून पाचवी ते दहावी, प्रत्येक पेपर नाव दुमडून दोघांनी तपासायचा आणि उत्तरात काय शोधायचं ते परीक्षेआधीच सगळ्यांनी बसून ठरवायचं, असा नियम झाला. सुरुवातीला कुरकुर झाली. माझी नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन तळेगावला राहायला गेल्या. त्यांची फार आठवण येते. पेपर तपासून झाला तरी माझ्याच्याने सही होत नाही. उठतो, दुसऱ्याकडे देतो, पुन्हा मागून घेतो. बाई येण्याआधी वीस वर्षं मी पेपर एकट्यानेच तपासले. त्यातल्या एकाही मुलाच्या घरी मी गेलो नाही. त्या मुलांना अजून वाटत असेल, आपल्याला येत नव्हतं.