शमूच्या गाडीची चेन

“शेवटपर्यंत कुणाला तरास दिला न्हाई बघा शमूनं.” माझ्या धाकट्या भावाच्या मातीला आलेलं प्रत्येक माणूस हेच सांगत होतं आणि मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होते. खरं तर एकेकाला धरून विचारावंसं वाटत होतं, की त्रास दिला नाही म्हणजे नेमकं काय केलं त्याने? सकाळी रानात त्याच्या छातीत कळ आली. त्याचं रान न्हावऱ्याच्या पुढे, ओढ्यापलीकडे. ओढ्याच्या वाळूत जीप उतरत नाही, म्हणून ती अलीकडे डांबरी रस्त्यावर उभी राहिली. शेजारच्या रानातले आप्पा माणसं आणि बाज घेऊन धावत गेले, की याला बाजेवर घालू आणि उचलून जीपपर्यंत नेऊ. तर हा म्हणाला, बाज परत न्या. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेला माणूस, एक हात छातीवर दाबून आपल्या तीनचाकी गाडीवर चढला, हातानेच किक ओढली आणि वाळूतून, गोट्यांतून गाडी चालवत स्वतः रस्त्यावर आला. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. अशा दुखण्यात माणसाला उठून पाणीसुद्धा घेऊ द्यायचं नसतं, हे किती नातेवाइकांना मी ओरडून सांगितलं असेल... आणि माझाच भाऊ!

बरं, एवढं करून जीपमध्ये बसल्यावर तरी शहाण्यासारखं वागावं. शिरूर जवळ होतं. तिथे डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत. हा म्हणाला, दौंडला चला. आप्पांनी रस्त्यावरच्या बूथवरून मला दौंडला फोन केला. “अक्का, शमूला घिऊन निघालोय. दौंडलाच न्या म्हणतुय.” मी फोनवर ओरडले, “आप्पा, त्याचं ऐकू नका, शिरूरला न्या!” “कवाधरनं तेच सांगतुय, ऐकंना झालाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी दवाखान्याच्या दारात वॉर्डातली पोरं आणि स्ट्रेचर घेऊन उभी राहिले. जीप आली तेव्हा शमू गेलेला होता. आता काही आठवडे झाले. दुःख हळूहळू कमी होतं म्हणतात. होत असेल. माझा राग मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शमू, म्हणजे शमुवेल, माझ्याहून बराच लहान. तो चालायला लागून थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात तापाने फणफणला. ताप उतरला, पण पायांतली ताकद गेली ती गेलीच. आई-वडील दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे त्याला कडेवर घेऊन फिरणं माझ्याकडे आलं. शाळेत, नळावर, रविवारी प्रार्थनेला देवळात, सगळीकडे शमू माझ्या कडेवर. माझी कंबर एका बाजूला वाकडी होणार, अशी आईला काळजी असायची. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मग एके दिवशी शाळेच्या पायऱ्या चढताना वर उभी असलेली पोरं हसली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, त्याला आलं. “अक्का, खाली ठेव,” तो म्हणाला. मी म्हटलं, वर गेल्यावर ठेवते. “आत्ता ठेव.” ठेवलं. उरलेल्या पायऱ्या तो हातांवर सरकत चढला, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्याने मला काय, कुणालाच स्वतःला उचलू दिलं नाही. मी रुसले, चिडले, अबोला धरला. मी काय ओझं म्हणून उचलत होते त्याला?

पुढे मार्थाशी त्याचं लग्न झालं. वडिलांनी घेऊन ठेवलेला ओढ्यापलीकडचा तुकडा दोघं कसायला लागले. कांदा, थोडा ऊस, दोन गाई. रानात जायला बैलगाडी होती तोवर ठीक होतं, बैल गेले आणि पंचाईत झाली. मी खटपट करून एका शिबिरातून त्याला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल मिळवून दिली. डांबरीवर ती झकास चालायची, ओढ्यात उतरली की रुतून बसायची. पुढच्या वेळी मी गेले तर तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “तुझी सायकल चांगली हाय अक्का. कोंबड्यांना लई आवडली.” नव्वद सालानंतर कधीतरी त्याने एका दूधवाल्याची जुनी मोटारसायकल घेतली, दौंडच्या एका वेल्डरकडून तिचा मागचा भाग कापून घेतला आणि तिथे आस टाकून दोन रुंद चाकं बसवली. ब्रेक, गिअर, किक सगळं हाताने. बसायला ठेंगणी फळी, मागे दुधाच्या कॅनसाठी कठडा. ही गाडी ओढा, ढेकळं, उसाचे बांध कशालाही दाद देत नव्हती. इंजिन बिचारं कधीच कुरकुरलं नाही. जे काय दुखणं होतं ते चेनचं.

पहिली चेन त्या मोटारसायकलीचीच होती, एका माणसाला आणि गुळगुळीत रस्त्याला पुरेशी. ती भर ओढ्यात तुटली. शमू वाळूत अडकून बसला होता. शेवटी वाटेने जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी, त्याला न विचारता, काखेत हात घालून उचललं आणि घरी आणून ओट्यावर ठेवलं. मोठ्या मनाने केलं त्यांनी. मार्था सांगते, तो त्या दिवशी जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने दौंडला माझ्या घरी आला. पिशवीत तुटलेली चेन. “अक्का, ही परत तुटली न्हाई पायजे,” एवढंच म्हणाला. तिथून पुढे त्याला आयुष्यात दुसरा विषय राहिला नाही.

मग साखर कारखान्याच्या भंगारातून मिळालेली एक जाडजूड चेन त्याने आणली. तिच्या दोन पिनांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे चेन जिच्यावरून फिरते त्या चक्रीच्या दात्यांवर ती बसेना. म्हणून दौंडच्या लेथवाल्याकडून नव्या चक्र्या करून घेतल्या. चेन बसली, पण तिच्या वजनाने गाडीच ओढेना. लेथवाला वैतागून म्हणाला, “शमूभाऊ, हत्ती बांधायची साखळी लावलीय तुम्ही.” पुढची चेन आणली ती मोठ्या मोटारसायकलची, योग्य जाडीची, पण जुन्या झिजलेल्या चक्र्यांवरच चढवली. झिजलेल्या दात्यांनी नवी चेन बघता बघता खाल्ली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं, की चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलायच्या असतात. शिरलं ते असं शिरलं, की पुढे आल्यागेल्याला तो तेच सांगत बसायचा. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुणे मामाला शोधत होते, आणि मामा मांडवामागे वऱ्हाडाच्या मोटारसायकलींच्या चेना बोटांनी दाबून बघत होता. चेन दोन बोटं हलली पाहिजे, जास्त नाही आणि कमीही नाही. नवरदेवाच्या काकांना त्याने तोंडावर सांगितलं, की तुमची चेन घरी पोचायची नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पण खरी लढाई झाली ती तेलावरून. आमच्याकडे लोखंडाला तेल पाजणं हे पुण्याचं काम समजतात. पंपाला, चरकाला तेल देऊन झालं, की हातात उरलेली बुधली घेऊन माणूस दुसऱ्याच्याही वस्तूला दोन थेंब देऊन जातो. शमूच्या गाडीवर तर सगळ्यांची विशेष माया. जो येईल तो चेनवर जळकं ऑइल ओतायचा. आप्पांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लोकर कातरायची कातरी तेलात बुडवून ठेवायची त्यांची सवय. ते तर बोटाने गिरीस लिंपायचे. चेन ओली, आणि गाडी रोज वाळूतून जाणार. वाळू त्या चिकट्यावर बसायची आणि आतून चेनला घासत राहायची. तुटण्याचं कारण शमूला उशिरा कळलं, पण कळल्यावर त्याने आप्पांनाच धारेवर धरलं. “आप्पा, माज्या चेनीला हात लावला तर बघा! तुमच्या मायेपायीच तुटती ती!” आप्पा दुखावले. माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले. “अक्का, चांगलं करायला जावं तर ह्यो अंगावर येतो. असं कवा असतंय व्हय?” मी शमूला समजावायला गेले, की अरे, प्रेमाने करतात रे. तो चेन रॉकेलमध्ये घोळवत होता. मान वर न करता म्हणाला, “तेच तर.”

त्यानंतर त्याने कुणालाही गाडीजवळ फिरकू दिलं नाही. ठरलेल्या दिवशी चेन उतरवायची, रॉकेलने धुवायची, ब्रशने घासायची, उन्हात वाळवायची, प्रत्येक कडीच्या सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचं सगळं चिंधीने पुसून कोरडं करायचं. ब्रश मार्थाचा दातांचा. तिचे किती ब्रश गेले असतील! मी कधी गेले, की बोलणं दुसऱ्या कशावर जायचंच नाही. त्याला दम लागतो, हात गार पडतात, हे मला दिसत होतं. म्हटलं, तपासून घे. म्हणाला, चेन बसवून झाल्यावर बघू. चेन बसवून झाली, की गाईची धार. असं किती वर्षं चाललं...

गेल्या आठवड्यात मी न्हावऱ्याला गेले. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी आहे. मी खाली वाकून चेन दाबून पाहिली. दोन बोटं हलली, बरोबर दोन बोटं. झीज नाही, गंज नाही. मला इतकी चीड आली, की तिथेच मार्थाला म्हणाले, “मेली ओढ्यात तुटली का नाही गं? तुटली असती तर घातला असता त्याला बाजेवर. चार शिव्या दिल्या असत्या त्याने, पण शिरूरला गेला असता. जिवंत असता कदाचित.” मार्था गाईला वैरण टाकत होती. ती थांबली.

“अक्का, एक सांगू? राग धरू नगा.”

“आता आणखी काय धरायचा राहिलाय?”

“मी संगंच हुते. जीपमधी चढलं ते हातावर. पण उतरायला आंगात ताकद ऱ्हाणार न्हाई, ह्ये कळलं हुतं त्यांना. आप्पा म्हणलं, शिरूर जवळ हाय. तर ह्ये म्हणलं, शिरूरला मला उतरवून कोण घील? दौंडला अक्का हाय. तिनं उचललं तर चालंल.”

मी गाडीच्या त्या ठेंगण्या फळीवर बसले, कारण दुसरीकडे कुठे बसायला नव्हतं. गाढवा, हे म्हणायला तुला इतकी वर्षं लागली? आणि म्हणालास ते आप्पांना? मला सांगितलं असतंस, तर मी पहाटेच्या एसटीने आले असते, ओढा ओलांडून आले असते, आणि घेतलं असतं तुला. साठी उलटली असली म्हणून काय झालं.

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा स्ट्रेचर घेऊन पोरं पुढे येत होती. मला तेवढा दम निघाला नाही. मागचं दार उघडून, त्याच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून, मीच त्याला बाहेर घेतलं. नको म्हणायला तो राहिला नव्हता.