मायनर आणि उन्हाळी कांदा

माझा मुख्य विषय मराठी. जोडीचा विषय, म्हणजे मायनर म्हणून मी माहितीशास्त्र (डेटा सायन्स) मागितलं, तेव्हा त्या विभागातले सर म्हणाले, "आर्ट्सवाल्यांना ते झेपत नाही. दुसरं काहीतरी घे." मी तिथंच मोबाईलवर विद्यापीठाचे नियम उघडले आणि त्यांच्यापुढे धरले. बारावी सायन्सची अट कुठेच नव्हती. ठरलेले क्रेडिट्स आणि शेवटी लोकांच्या उपयोगाचा एक प्रकल्प, एवढंच होतं. सरांनी सही केली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

प्रकल्पासाठी बाकीच्यांनी इंटरनेटवरून तयार आकडे उचलले. मी गावातल्या विहिरींचं पाणी मोजत हिंडले. आमच्याकडे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात, आणि मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. यंदा तो हिशेब माझ्या तक्त्यांवरून झाला. पाणी कमी निघालं. सभेनं उन्हाळी कांदा बंद केला, त्यात आमचंही वावर आलं.

वडील घरी येऊन कडाडले, "तुझं कालेज माझ्या वावरात कशाला आनलं?"

"पानीच कमी हाय, त्याला मी काय करू?" मीही तेवढ्याच जोरात म्हणाले. मी एकही आकडा बदलला नाही.

तोंडी परीक्षेला तेच सर. त्यांनी तक्ते चाळले आणि बाजूला सारले. "विहिरी मोजल्यास, ठीक आहे. पण याचा लोकांना उपयोग काय?"

"माझ्या वडिलांचा कांदा बंद झाला, सर," मी म्हणाले. "अजून काय उपयोग पाहिजे?"