जावयाच्या गाडीला पितळी मूठ

जावयाला काय पण द्यावं. टोपी द्यावी, उपरणं द्यावं, धोतराचं पान द्यावं. पण त्याच्या गाडीच्या गिअरला मूठ देऊ नये, अन् दिलीच तर तिच्यावर नाव घालू नये. ही अक्कल मला म्हातारपणी आली. कशी आली ते सांगतो, चहा गार होऊ देऊ नका.

मला लिहिता-वाचता येत नाय. मी सांगतोय अन् माझी लेक वर्षा लिहून घेतीय. मधीच ती तोंडाला ओढणी लावून हसतीय, तिच्याकडं लक्ष देऊ नका.

आमचं गाव गंगापूरच्या अलीकडं. उभी हयात मी गंगापूर ते शहर काळी-पिवळी जीप चालवली. जीपच्या गिअरची मूठ कधीच तुटून पडली होती. नुसता लोखंडी दांडा, अन् टोकाला एक नट. भर उन्हाळ्यात त्याच नटावर हात ठेवून मी गिअर टाकले. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आमचे जावई अमोलराव शेंद्र्याला एका कारखान्यात इंजिनियर आहेत. माणूस बोलायला मऊ, मोठ्यांचा मान राखणारा. नाद फक्त गाडीचा. गाडी लाल, बुटकी, टायर हे असे रुंद. चालू केली की आमच्या गल्लीतल्या कोंबड्या खुराड्यात जातात. सुट्टीच्या दिवशी मित्र मित्र मिळून कुठल्या तरी ट्रॅकवर गाड्या पळवायला नेतात. मी एकदा विचारलं, "मग पहिला येणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही मामा. मजा."

मी जन्मभर गाडी चालवली, पण ती मजेसाठी बी चालवतात हे मला ठाऊक नव्हतं.

तर यंदा अधिक महिना आला ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अन् जावयाला वाण द्यायचं. वाण धातूचं पाहिजे. चांदी, तांबं, पितळ, ज्याची जशी ऐपत. जावई पोटभर जेवून हसत उठला की झालं. तो रुसून उपाशी उठला तर मात्र लेकीला सासरची माणसं पुढचा धोंडा येईस्तोवर ऐकवतात. अन् पुढचा धोंडा लवकर येत नाय.

वर्षानं आधीच फोन केला.

"आबा, ताट-तांब्या काही देऊ नका. ठेवायला जागा नाही."

"मग काय देऊ?"

"त्यांना गिअरची मूठ बदलायचीय. रोज रात्री मोबाइलवर मुठीच बघत बसतात. वजनदार असली की गिअर अलगद पडतो म्हणे."

"वाण म्हणून मूठ द्यायची?"

"द्या हो आबा. खूश होतील."

मग काय, शहरात गेलो. गाड्यांच्या सामानाचं एक दुकान हुडकलं. दुकानदार जवान माणूस.

"क्या होना चाचा?"

"गिअरची मूठ."

"नॉब. कौनसी गाडी हे?"

"लाल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "लाल तो कलर हुआ ना चाचा. गाडी कौनसी?"

मी फोन लावून वर्षाला त्याच्याशी बोलायला दिलं. दोघांचं काहीतरी आट्यांचं ठरलं. मग त्यानं एक बारकं बुश बाजूला काढून ठेवलं, ते घातलं म्हणजे मूठ त्या गाडीला बसती. अन् काचेवर मुठींची रांग मांडली. काळी, पांढरी, लाकडी. एक तर अंधारात हिरवी चमकायची. मी म्हणालो, ही नको, जावयाची आई गाडीतून उतरून मांत्रिकाकडं जाईल.

"ये लेव, लेदर की. सबसे बढिया."

"बाबा, धोंड्याच्या महिन्यात जावयाला कातडं देऊ? वाण द्यायचंय, जोडा नाय."

तेवढ्यात मला कोपऱ्यात ती दिसली. पितळेची, गोल, घसघशीत. पोळ्याला बैलाच्या शिंगाला शेंब्या बसवतात ना, तशी पिवळीधमक. हातात घेतली तर मनगट खाली गेलं.

"हीच."

"चाचा, वो धूप में गरम होती. कवर डालना पडता."

"मी लोखंडाच्या नटावर जन्म काढलाय," मी म्हणालो.

"हौ, तुम्हारा हाथ अलग, जमाई का अलग."

हे तो बोलला. मी ऐकलं बी. पण माणसाला पिवळं दिसायला लागलं की ऐकू कमी येतं.

तरी मी पारख केल्याशिवाय घेतली असं समजू नका. परत येताना एसटीत उन्हाच्या बाजूच्या खिडकीला बसलो, अन् मूठ हातात धरून घरापर्यंत आलो. कोमट बी लागली नाय. झाली पारख.

पण एसटीत बसायच्या आधी मी एक काम केलं, सगळा घोळ तिथंच झाला. आमच्यात भांडं कुणाला द्यायचं तर देणाऱ्याचं नाव घातल्याबिगर ते उंबऱ्याबाहेर जात नाय. म्हणून मूठ घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो. नाव घालणाऱ्यानं ती फिरवून फिरवून बघितली.

"काका, हे कशाचं झाकण?"

"गिअरची मूठ हाय."

"बरं. काय घालू?"

"घाल. चिरंजीव अमोलराव यांना धोंड्याच्या महिन्यानिमित्त तुळशीराम यांच्याकडून सप्रेम भेट."

"काका, ही मूठ आहे, हंडा नाय. एकच नाव बसंल. त्यांचं का तुमचं?"

मी विचार केला. लई नाय केला.

"माझंच घाल. अन् खोल घाल. घासून पुसलं नाय पाहिजे."

मशीन टर्रर्र करत राहिली. त्यानं मूठ पुढं केली. वरच्या अंगाला, बरोबर तळहात टेकतो तिथं, बारीक ठिपक्यांच्या रेघोट्या. मला वाचता येईना, पण झोकदार वाटलं.

धोंड्याच्या दिवशी लेक-जावई सकाळच्या गारव्यातच आले. औक्षण झालं, चहा झाला. मी ताटात मूठ ठेवून पुढं केली. जावईबापूंनी ती उचलली, वजन घेतलं, नाव वाचलं, अन् पुन्हा एकदा वाचलं.

"छान आहे मामा. खरंच छान आहे."

"नाव बी घातलंय."

"हो, दिसतंय."

त्यांनी जुनी मूठ काढली, बुश घातलं, नवी फिरवून बसवली. पण ती घट्ट झाली तेव्हा नाव आडवं आलं. मी म्हणालो, असं नाय चालणार, नाव ड्रायव्हरच्या तोंडासमोर आलं पाहिजे. जावईबापूंनी पुन्हा सैल केली, खालचा नट सरकवला, पुन्हा आवळली.

"वर्षे, आता सरळ आलं का गं?"

"आलं आबा. आता पुरे."

गाडी उभी होती लिंबाखाली, सावलीत. तिथं गल्लीतल्या लोकांना काय दिसणार? मी जावईबापूंना म्हणालो, गाडी जरा मोकळ्यात घ्या, पूजा करायचीय. त्यांनी आपली घेतली. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, काचा लावल्या. अन् ती लाल गाडी दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली. येणारा-जाणारा काचेला नाक लावून बघायचा. मी ओट्यावर बसून सांगायचो, पितळेची हाय, नाव बी हाय.

पानं वाढायची वेळ झाली तेव्हा मलाच हुक्की आली.

"बापू, जेवायच्या आधी एक चक्कर होऊन जाऊ द्या. लोकं थांबलीत."

जावईबापू गाडीत बसले. दार लागलं. गाडीनं एकदम असा आवाज काढला की ओट्यावरचे लोक मागं सरले. गाडी निघाली. मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत येईपर्यंत नुसती किंचाळत होती.

लोकं म्हणाली, "काय पळवतोय जावई."

मला मात्र ते पटंना. मी ड्रायव्हर माणूस. गाडी पळत नव्हती, गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत होती. एवढा गाडीचा शौकीन माणूस दुसरा गिअर टाकत नाय म्हणजे काय? म्हणजे तो मुठीला हात लावत नाय. अन् हात का लावत नाय? आवडली नाय म्हणून. सकाळी तोंडदेखलं छान म्हणाले, बाकी काय.

मनात पाल चुकचुकली अन् तिथून पुढं मला सगळं तसंच दिसायला लागलं.

जावईबापू गाडीतून उतरले ते डावा हात खिशात घालून. ते डावखुरे, जेवतात बी डाव्याच हातानं. पाटावर बसले तरी हात खिशातच. मांडी घालून पाटावर बसायचं अन् हात पँटीच्या खिशात ठेवायचा, ही कसरत तुम्ही एकदा करून बघा. ताटात गरम धोंडे, वरून तुपाची धार. जावईबापू ताटाकडं बघतायत अन् हात काही बाहेर येईना.

"घ्या ना बापू."

"भूक नाही मामा. पोट जरा जड आहे."

कपाळावर घाम. ओठ आवळलेले. रुसलेला जावई ह्याहून वेगळा काय दिसतो?

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथं आमची मंडळी कढईपुढं उभी.

"काय दिलं तुम्ही म्हणून ते रुसले?"

"मूठ."

"लोक जावयाला अंगठी घालतात. तुम्ही लोखंड दिलं."

"पितळ हाय ते."

"मग लई फरक पडला."

तिनं कपाटातून तिच्या माहेरचा चांदीचा पेला काढून माझ्या हातात दिला. मी बाहेर येऊन तो ताटाशेजारी ठेवला.

"हा बी तुमचाच, बापू."

"नको मामा. काही नको."

नको म्हणाले, म्हणजे कमी पडलं. "गोठ्यात कालवड हाय. जाताना घेऊन जा."

"मामा, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो."

"बरं, मग बांधावरच्या केशर आंब्याचे आंबे. दर साली. सगळे."

वर्षा मला डोळ्यांनी दटावत होती. आता बघा, तीच लिहून घेताना मान हलवतीय. पण तिच्या चेहऱ्यावर बी त्या वेळी काळजी होती, ती मला दिसत होती. नवरा माहेरच्या पानावरून उपाशी उठला, तर सासरी तोंड तिलाच द्यायचं होतं. म्हणून मी शेवटचं केलं. जावईबापूंच्या पाटापुढं खाली बसलो.

"बापू, मी अडाणी माणूस. माझं काय चुकलं ते बोला. मूठ नसंल आवडली तर आत्ता काढून विहिरीत टाकतो. पण पानावरून असं उठू नका."

"मामा, तसं काही नाही हो..."

"मग हात बाहेर काढा."

"मामा, राहू द्या."

मी त्यांचा हात खिशातून ओढला, अन् माझ्या दोन्ही हातांत घेऊन, अगदी कळवळून, गच्च दाबला.

जावईबापूंनी जी आरोळी ठोकली, तिच्यापुढं त्यांच्या गाडीचा आवाज काहीच नाय. लिंबाखालचं कुत्रं उठून चालू लागलं.

मी हात सोडला. तळहात उघडला. मधोमध लालभडक गोल चट्टा उठलेला, अन् त्या लालाच्या पोटात पांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या रेघोट्या.

"भाजलं हो हे," आमची मंडळी म्हणाली, अन् कोरफड आणायला पळाली.

वर्षा खाली वाकली. बघितलं. अन् तिनं तोंडावर हात दाबला. खांदे हलायला लागले. लेक रडतीय का हसतीय मला कळंना.

"काय लिहिलंय गं त्यावर?"

"थांबा आबा. उलटं उमटलंय."

मला काय, सुलटं तेवढंच उलटं. तिनं भिंतीवरचा आरसा काढून आणला अन् नवऱ्याचा हात त्याच्यापुढं धरला. मग वाचलं.

"तुळशीराम."

मग जावईबापू बोलले.

"मामा, तुम्ही एवढ्या हौसेनं आणली. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अन् गाडी पहिल्यातच का चालवली?"

"पहिला टाकतानाच शिक्का बसला. दुसरा टाकायची हिंमतच झाली नाही."

मग ते हसायला लागले. आधी हळूच, मग मोकळे. कोरफडीचा गर लावून हात बांधला. सासूबाईंनी चमच्यानं धोंडे भरवले अन् जावईबापूंनी माझ्यापेक्षा दोन जास्तीच खाल्ले. चांदीचा पेला परत कपाटात गेला. आंब्यांचं मात्र बोलून बसलो होतो, ते त्यांनी बरोबर ध्यानात ठेवलं. कालवडीला कुणी विचारलं नाय.

मूठ अजून गाडीलाच आहे, अन् तळहातावर नावाची खूण बी. काढू म्हणालो तर जावईबापू नको म्हणतात, गिअर खरंच अलगद पडतो म्हणे. आमच्या मंडळीनं तिला लोकरीचं टोपरं विणून दिलंय, निळं, वर गोंडा. ट्रॅकवरची मित्रमंडळी आधी त्या टोपऱ्याला हसतात, अन् मग त्यांचा हात हातात घेऊन विचारतात, हा तुळशीराम कोण?

आता तुम्ही बघा. सोसायटीत, तहसिलात, बँकेत, जिथं गेलो तिथं मी अंगठा लावला. आपलं नाव कुठं तरी ठळक उमटावं अशी माझी लई दिवसांची हौस. ती फिटली ती जावयाच्या तळहातावर, अन् ती बी उलटी.

वर्षा विचारतीय, "झालं आबा. खाली सही म्हणून तुमचा अंगठा घेऊ?"

अंगठा कशाला? जावईबापू घरात असतील तर बोलव त्यांना. त्यांचा हात टेकव.