तारीफ नको

"छान म्हणू नकोस रे," चाचा आधी हे म्हणायचे, मग सलामाला उत्तर द्यायचे. बागेकडे कुणी जरा जास्त वेळ पाहिलं, तरी ते कासावीस व्हायचे.

सौदीत हुफूफला आमच्या मालकांच्या फार्महाउसवर ते माळ्यांचे मुकादम, मी कारंज्यांचा फिटर. दोघेही रत्नागिरीकडचे. मालकांना जुन्या फ्रेंच सरदारांसारखी बाग हवी होती. सरळ वाटा, कातरलेली मेंदी, मध्ये हौद, तेही इथल्या उन्हात. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. नमुन्यासाठी आणलेलं जाड पुस्तक चाचांनी वाचून काढलं आणि तिथेच घोळ झाला.

त्यात एका खजिनदाराची गोष्ट होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याने राजाला आपली नवी बाग पाहायला बोलावलं. राजाचे डोळे दिपले, पोटातही दुखलं. थोड्याच दिवसांत खजिनदार तुरुंगात गेला आणि माळी राजाच्या चाकरीत.

"त्या माळ्याला विचारलं असेल का रे कुणी?" चाचा म्हणायचे.

"चाचा, तुम्हाला कोण नेतंय?" मी हसायचो.

पण इथली रीत तुम्हीही पाहिली असेल. पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की यजमान म्हणतो, घ्या, तुमचीच. बाग उचलून देता येत नाही, पण माळी देता येतो. रियाधहून मालकांचा थोरला भाऊ येणार होता. चाचांच्या लेकीचा निकाह पुढच्या महिन्यात, रजा मंजूर झालेली. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा तो मालक, बदलला की रजा खलास.

भाऊ यायच्या सकाळी पाहतो तर चाचांनी मेंदीची एक अख्खी रांग वाकडी कापलेली. "मधलं कारंजं बंद ठेव, तुझ्या पाया पडतो," म्हणाले. माझीही तंतरली, पण कॉक बंद केला.

भावाने बागेकडे धड पाहिलंही नाही. वाकडी रांग बघून मालक मात्र चाचांवर तोंड सोडून बोलले. चाचा खाली मान घालून उभे.

"इतका मुकाट माणूस माझ्याकडे एकही नाही," भाऊ म्हणाला.

मालकांचा राग तिथेच उतरला. "मग घ्या, तुमचाच."

कागदावर चाचांना नाही म्हणता येत होतं. त्या दोघांसमोर म्हणायची छाती कुणाची? त्याच आठवड्यात ते रियाधला गेले.

माझी रजा होती, म्हणून निकाहला मी गेलो. मांडवात व्हिडिओ कॉल लावून लेकीसमोर फोन धरला. चाचा नव्या मालकांची नजर चुकवून कुठल्याशा भिंतीआड उभे होते.

"अब्बा, ऐकू येत नाही. जरा मोठ्याने दुआ द्या ना."

चाचा वळून वळून मागे पाहत होते. ओठ तेवढे हलत होते.