अनुभवाचा रकाना

मीडिया विभागातले किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते रोज स्टाफरूममध्ये येऊन बसतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात पत्रकारितेपासून दूरसंचारापर्यंत सगळं शिकवलं जातं. कोण काय शिकवतं ते टाइमटेबलवर असतं. कोण आधी काय करत होतं हे कळलं, की खरी मजा सुरू होते!

माझंच घ्या. मी वीस वर्षं निफाडचा बातमीदार होतो. द्राक्षांवर गारा पडल्या की पहिली बातमी माझी. पोरांना गारपिटीची बातमी लिहायला दिली, तर विभागप्रमुखांनी त्यावर शेरा मारला, "संदर्भसूची जोडावी."

या विभागप्रमुखांची पीएच.डी. रेडिओवर. प्रबंध असा जाडजूड, की उचलायला दोन हात लागतात. कॉलेजच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन होतं, तेव्हा सर आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत शिरले. माइकसमोर बसले, लाल दिवा लागला, म्हणजे आवाज बाहेर जायला लागला.

सर वैतागून म्हणाले, "आधी तो दिवा बंद करा हो, डोळ्यावर येतोय!"

आमच्या केंद्राचं पहिलं वाक्य ते. अख्ख्या कॅम्पसनं ऐकलं.

पगारे मॅडम पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या. आजही त्या रागावतात ते त्याच संथ, खणखणीत आवाजात. एकदा त्यांनी सायखेड्याच्या एका पोराला वर्गाबाहेर घालवलं. तो सरळ माझ्याकडे आला.

"सर, मॅडमनी मला हाकललं का नुसतं कळवलं?"

कॅमेरा शिकवणारे आमचे तरुण प्राध्यापक सगळ्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेले. कॅमेरा मात्र कपाटात, आणि किल्ली स्टोअरकीपरकडे. सर साठ स्लाइडवर शिकवतात. झूम म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं, तर त्यांनी पडद्यावरची स्लाइड मोठी करून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

आणि आमचे बोरस्ते सर. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले, खांबांवर चढता चढता डिप्लोमा केला, पुढे इंजिनिअर झाले. आमच्याकडे सहा वर्षं कराराने दूरसंचार शिकवतायत. पोरं त्यांचा तास कधी बुडवत नाहीत. यंदा त्या विषयाची कायम जागा निघाली. ती मिळाली नाही तर करारही संपणार होता. माणूस पन्नाशीचा, शिकवण्याचं वेड लागलेला. अर्ज भरताना क्लार्क म्हणाला, "अनुभवाच्या रकान्यात खांब चालत नाही, सर."

मुलाखतीला विभागाचा माणूस म्हणून मी कोपऱ्यात बसलो होतो. समोर विभागप्रमुख आणि प्राचार्य. विषयतज्ज्ञ दिल्लीहून ऑनलाइन, भिंतीवरच्या पडद्यावर. बोरस्ते सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले.

तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "लाइन अचानक बंद पडली, तर दोष कसा शोधाल?"

आणि पडदा काळा झाला! नेट गेलं. विभागप्रमुखांनी रिमोटचे सेल काढून पुन्हा घातले. प्राचार्यांनी लॅपटॉपवर हळूच थाप मारली.

बोरस्ते सर उठले. वायरीचा माग काढत दाराबाहेर गेले. पंधरा मिनिटांनी पडदा उजळला, तेव्हा तज्ज्ञांना समोर रिकामी खुर्ची दिसली. सर परत आले ते केसांत जळमटं घेऊन, शर्टाला चुना फासून.

"काय नाय, जिन्याखाली उंदरानं कुरतडली व्हती. जोडली," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तज्ज्ञ घड्याळ बघत होते. "यांची वेळ संपली. पुढचे उमेदवार बोलवा."

आठवड्याने यादी लागली. बोरस्ते सरांचं नाव नव्हतं. माझं डोकं सणकलं. ऑफिसात जाऊन मी मुलाखतीचा कागद काढायला लावला. अनुभवाचा रकाना कोरा होता. त्याखाली तज्ज्ञांचा शेरा होता, एकाच ओळीचा:

"पहिला प्रश्न विचारताच उमेदवार खोली सोडून गेले."