ट्रॅकवर थांबायचं नसतं

मला पन्नास पूर्ण झाली त्या दिवशी मुलीनं माझ्यासमोर मोबाइल धरला. रेसिंग ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवायची नोंदणी होती, दोघांच्या नावानं.

"अप्पा, तीस वर्षं मोटरसायकल चालवताय," ती म्हणाली. "एकदा नीट चालवून बघा."

म्हणजे आजवर मी नीट चालवत नव्हतो? चिकपेटच्या गल्लीतून पाय न टेकता गाडी काढणारा माणूस मी. शिवाय इंदिरानगरच्या ऑफिसात माझं काम विम्याचे दावे तपासायचं. गाड्या कशा आपटतात हे मी रोज फोटोत बघतो. पण मुलगी चोवीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, पहिल्या वर्षाच्या पगारातून लाल मोटरसायकल घेतलेली. आठवड्यातून एकदा घरात नीट बोलणं व्हायचं. म्हणून मी "सरी", बरं बाई, म्हटलं.

ट्रॅक शहराबाहेर होता. गेल्या गेल्या तिथल्या एका पोरीनं माझ्या गाडीचे आरसे काढून पिशवीत घालून दिले. हेडलाइटवर चिकटपट्टी लावली. मग अंगावर भाड्याचा चामडी सूट चढवला. तो गुडघ्यात वाकलेलाच शिवलेला असतो, त्यामुळं सरळ उभंच राहता येईना. मी बदकासारखा चालत वर्गात जाऊन बसलो.

शिकवणारे गृहस्थ साठीचे, शिडशिडीत. त्यांनी निशाणं दाखवली. पिवळं म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळं बंद, हळू चालवत परत या. काळं म्हणजे तुम्ही काहीतरी चुकलात, एकट्यानं आत या. "आणि काही झालं तरी ट्रॅकवर थांबायचं नाही," ते इंग्रजीत म्हणाले, मग तेच कन्नडमध्ये, मग हिंदीत. मी वहीत लिहून घेतलं. बाकी कुणीच वही आणली नव्हती.

पहिल्याच फेरीत माझी भंबेरी उडाली. रस्त्यावर माझे डोळे खड्डा, कुत्रं, उलट्या बाजूनं येणारी स्कूटर शोधत असतात. इथं त्यातलं काहीच नव्हतं, आणि काहीच नाही म्हटल्यावर बघायचं कुठं ते कळेना. वळणावर प्लास्टिकचे तीन नारिंगी कोन ठेवलेले: एक ब्रेकचा, एक वळायचा, एक बाहेर पडायचा. पहिल्या कोनापाशी आलो की मी त्याच्याकडेच बघत राही, आणि गाडी थेट त्याच्याच अंगावर जाई. एका संथ स्वाराच्या पुढं जाताना माझ्या अंगठ्यानं सवयीनं हॉर्न वाजवला. तो बिचारा इतका दचकला की बाजूलाच झाला. पाचव्या फेरीत इंडिकेटर देऊन मी डावीकडे वळलो, तर ट्रॅक संपून मी गाड्या उभ्या करायच्या जागी येऊन पोचलो. म्हणजे गोल रस्त्यावरसुद्धा मी चुकलो होतो.

"काय झालं?" तिथल्या माणसानं विचारलं.

"काही नाही, बघायला आलो," मी म्हणालो.

मुलीला वेगवान गटात जाता आलं असतं. माझ्यासाठी ती नवख्यांच्या गटात राहिली होती. पण दुसऱ्या सत्रात तिनं तिसऱ्या वळणाशी मला मागं टाकलं. लाल गाडी, पांढरं हेल्मेट, एका अंगावर कललेली पाठ. ही कुणाची मुलगी, असं क्षणभर वाटलं. मग ती दिसेनाशी झाली.

पुढच्याच फेरीला उताराच्या वळणापाशी पिवळं निशाण हलताना दिसलं. वेग कमी केला. वळून बघतो तर ट्रॅकच्या कडेच्या खडीत लाल गाडी आडवी, मागचं चाक अजून फिरतंय, आणि शेजारी पांढरं हेल्मेट घातलेलं कुणीतरी पालथं पडलेलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी गाडी कडेला घेतली, स्टँड लावला, आणि खडीतून धावत सुटलो. धावत म्हणजे बदकासारखाच. निशाण धरलेला मार्शल हात हलवत ओरडत होता, "निल्लबेडी! होगी, होगी!" थांबू नका, जा. मला कन्नड लहानपणापासून येतं. त्या घटकेला त्या शब्दांचा अर्थच लागेना.

गुडघे टेकून मी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळा."

त्यानं मान वळवली. पांढऱ्या मिशांचा माणूस होता, माझ्यापेक्षा मोठाच असेल. "बाइक ठीक है?" त्यानं विचारलं.

माझ्या छातीतून एकदम सुटकेचा निःश्वास निघाला. तो त्यालाही ऐकू गेला असेल. मला लाज वाटली. समोर माणूस खांदा धरून कण्हत होता, आणि मी जवळजवळ हसत होतो. त्यानं माझा हात घट्ट धरला, म्हणून मी तसाच बसून राहिलो.

तोवर लाल निशाण लागलं होतं. बाकीच्या गाड्या एकेक करून हळू हळू जाऊ लागल्या. त्यात ती होती. कडेला उभी असलेली माझी गाडी तिनं बघितली. खडीत बसलेल्या मला बघितलं. हेल्मेट माझ्याकडे वळलं, आणि मग पुन्हा समोर झालं. ती गेली.

मी बघतच राहिलो. मला लागलंय की मी नुसता बसलोय हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. तरी गेली.

परत आल्यावर शिडशिडीत गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "तुमच्या मागच्या स्वाराची नजर तुमच्या उभ्या गाडीवर गेली असती, तर तोही तिथंच आला असता. पुढच्या सत्राला तुम्ही बाहेरच बसा." मी मान हलवली. पटलंही. ऑफिसात असा दावा समोर आला असता, तर मीही हेच लिहिलं असतं.

तेवढ्यात तो मिशीवाला एक हात गळ्यातल्या झोळीत अडकवून आला. दोन्ही हातांनी नमस्कार करायला गेला, जमेना. "आप रुके," एवढंच म्हणाला आणि मोटारीत बसून निघून गेला. आता यातलं कोणतं धरायचं, तेच मला समजेना.

जेवायला बिसिबेळे भात होता, डाळ-भाज्या घालून शिजवलेला, वर खारी बुंदी. मुलगी समोर बसली, पण खात नव्हती.

"मला बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं."

"आणि गेलीस?"

"मग काय करू?" तिचा आवाज फाटला. रागावली की ती कन्नडमध्ये शिरते, तशी शिरली. लाल निशाण लागलं की आत यायचं असतं, मार्शल असतात, ॲम्ब्युलन्स असते, त्यांना त्यांचं काम करू द्यायचं असतं. मग पुन्हा मराठीत आली. "हात बधिर झाले होते माझे अप्पा. क्लच दाबता येत नव्हता. पूर्ण वळणभर मला वाटत होतं, तुम्हालाच काहीतरी झालंय."

"मला उलट वाटलं, तूच पडलीस," मी म्हणालो.

"उद्या मी खरंच पडले, तरी तुम्ही थांबायचं नाही. कबूल करा."

मी भातातली बुंदी चिवडत राहिलो. तिचं वागणं बरोबर होतं हे कळत होतं. अभिमान वाटत होता आणि लागलंही होतं. दोन्ही एकाच जागी, वेगळं काढता येत नव्हतं.

शेवटच्या सत्राला मला सोडलं, एका शिक्षकाच्या मागून. उताराचं वळण आलं. त्याची पाठ बघत मी नजर उचलून पार पलीकडच्या कोनावर नेली, आणि गाडी माझ्याही नकळत आपोआप वळली. इतकी सहज, की हे मी केलं की गाडीनं, हे आजही सांगता येणार नाही. खडीकडे मी बघितलं नाही. बघितलं नाही याचंच मग दोन फेऱ्या वाईट वाटत राहिलं.

परतताना हायवेला लागलो. एरवी ती पुढं असते, मी मागून धापा टाकत येतो. त्या दिवशी ती घरापर्यंत माझ्या मागं राहिली. लॉरी आल्या, सिग्नल आले, मधे रस्ता मोकळा मिळाला, तरी पुढं गेली नाही. घाईत परत बसवलेले आरसे मी नीट आवळले नव्हते. त्यात ती थरथरत दिसत होती, कधी एक, कधी दोन.